मोगरा हिरवा कसा झाला

जयवंतीकडे दोन वह्या होत्या. एक आरोग्य केंद्राची, लांबट आणि जाड. नायगावच्या तिच्या भागातल्या प्रत्येक गरोदर बाईचं नाव, महिना, वजन, रक्त, दिलेल्या गोळ्या, सगळं त्यात सरळ अक्षरात लिहिलेलं. ती वही कुणीही मागावी, जयवंती उघडून दाखवायची. दुसरी वही शंभर पानी, शाळकरी, पुठ्ठ्यावर फुलपाखराचं चित्र असलेली. ती पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात असायची. तिच्यात तीनच रकाने होते: काय सांगितलं, काय दिसलं, फरक.

आशाताई म्हणून दारोदार फिरताना अकरा वर्षांत तिने माणसांच्या बोलण्यातून वजाबाकी करायचे स्वतःचे नियम बसवले होते. सासू शेजारी बसलेली असताना सुनेने सांगितलेला गोळ्यांचा आकडा निम्मा करायचा. नवऱ्याने सांगितलेला आकडा धरायचाच नाही, कारण त्याला गोळीचा रंगही माहीत नसतो. टॉवरमधली एखादी बाई "मोबाइलवर रिमाइंडर लावलाय ना ताई" म्हणाली, तर रिमाइंडर रोज वाजतो आणि रोज बंद केला जातो असं समजायचं. आणि जी बाई विचारायच्या आधीच सांगायला लागते, तिच्या स्वयंपाकघरात जाऊन पाणी मागायचं, म्हणजे गोळ्यांचा डबा कुठे आहे आणि त्यावर किती धूळ आहे ते कळतं.

हा तिसरा रकाना तिने हौसेने आखला नव्हता. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे एक गोड बोलणारी बाई होती. दर भेटीला म्हणायची, "घेते की ताई, रोज घेते." जयवंतीने ते जसंच्या तसं मोठ्या वहीत उतरवलं. बाळंतपणाच्या दिवशी बाईचं हिमोग्लोबिन साडेसहा निघालं, आणि घरी गादीखाली गोळ्यांची न फोडलेली पाकिटं. चार पिशव्या रक्त चढवल्यावर बाई वाचली, मूलही वाचलं. जयवंतीचा गोड बोलण्यावरचा विश्वास तेवढा गेला. दुसऱ्याच दिवशी तिने ही फुलपाखराची वही विकत आणली.

आणि आता त्याच वहीत एक पान असं होतं, जे काही केल्या जुळत नव्हतं. ते पान तेजस्वीचं.

तेजस्वी ही खाडीकाठच्या बळीरामची सून. माहेर चिंचोटीचं, वय तेवीस, लग्नाला दीड वर्ष, पाचवा महिना. कामणच्या रस्त्यावरच्या एका पॅकिंगच्या कारखान्यात जायची. टॉवरांच्या मागच्या बाजूने खाली उतरलं की बळीरामचं कौलारू घर. पुढे थोडी भाताची जमीन, मागे केळी, माठ, अळू, आणि मोरीच्या भिंतीला लागून निळा ड्रम अर्धा कापून त्यात लावलेला मोगरा. घरात बळीराम, त्याची बायको कमळी, मुलगा धनेश आणि ही सून. धनेश पहाटे कामावर जायचा, त्यामुळे जयवंतीच्या नियमाप्रमाणे तो धरायचाच नव्हता.

पहिल्या तपासणीत तेजस्वीचं हिमोग्लोबिन आठ पूर्णांक एक निघालं होतं. अकरा असायला हवं. केंद्रातल्या डॉक्टर क्षितिजा मॅडमनी रोज दोन लाल गोळ्या लोहाच्या आणि दोन पांढऱ्या कॅल्शियमच्या लिहून दिल्या, आणि महिन्याने पुन्हा बोलावलं. महिन्यानंतरच्या मंगळवारी कमळी सुनेला घेऊन आली. आल्या आल्या तिने पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून टेबलावर ठेवली. एकावर एक रचलेली, रबराने बांधलेली.

"मोजून घे, जयवंतीबाय. येक पन गोली चुकली नाय."

जयवंतीने मोजली. एकही चुकली नव्हती. इतका स्वच्छ पुरावा तिला अकरा वर्षांत कुणी दिला नव्हता, आणि म्हणूनच तिला तो आवडला नाही.

रक्ताचा आकडा आला. आठ पूर्णांक दोन.

"चहाबरोबर तर घेत नाहीस ना?" क्षितिजा मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम," तेजस्वी म्हणाली. "ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, चहा नको."

"चहा तर मी तिला दाखवीत पन नाय," कमळी म्हणाली.

मॅडमनी आणखी दोन-तीन तपासण्यांसाठी रक्त घेतलं, आणि दोघी बाहेर गेल्यावर जयवंतीला थांबवून घेतलं.

"हे बघ जयवंती. पोरगी गोळ्या खात असेल आणि तरी रक्त वाढत नसेल, तर मला पुढचा विचार करावा लागेल. दुसरं काही आहे का ते बघायचं, नाहीतर शिरेतून लोह द्यायचं. खातच नसेल तर गोष्ट वेगळी. अजून वेळ हातात आहे, पण वाया घालवण्याइतका नाही. आठवर बाळंतीण झाली आणि थोडं जरी जास्त रक्त गेलं, तर तिच्याकडे शिल्लक काय राहणार? मला शनिवारपर्यंत नक्की सांग. खाते की नाही?"

"नक्की सांगते," जयवंती म्हणाली. आतून मात्र तिचं उत्तर ठरल्यातच जमा होतं.

बुधवारी ती मुद्दाम दुपारी त्या घरी गेली. तेजस्वीला त्या दिवशी सुट्टी होती. कमळी बाजारात गेलेली. जयवंतीने मनाशी म्हटलं, सासू नाही, आता आकडा निम्मा करायचं कारण नाही.

"तेजू, आपण दोघीच आहोत. मी काही रागावत नाही. मळमळतं, तोंड कसंतरी होतं, मला सगळं माहितीये. किती टाकून दिल्यास?"

"एकही नाही, ताई."

"शौचाला काळं होतं का?"

"होतं."

"हे मोबाइलवर वाचलंस?"

तेजस्वीने तिच्याकडे बघितलं. "ताई, काय बोलताय तुम्ही? सिरियसली? मला होतं म्हणून सांगितलं."

जयवंतीने छोट्या वहीत मनातल्या मनात लिहिलं: उत्तर फार पटकन. मग तिने नेहमीचा डाव टाकला. पाणी मागितलं, आणि तेजस्वी माठाकडे वळल्यावर स्वतः मोरीकडच्या दाराने मागे गेली.

आणि तिथे तिला मोगरा दिसला.

महिन्यापूर्वी ती आली होती तेव्हा याच मोगऱ्याची पानं पिवळी पडली होती. शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पिवळं, कावीळ झाल्यासारखं. तेव्हा ती कमळीला म्हणालीही होती, "वहिनी, सुनेसारखाच तुमचा मोगरापण फिका पडलाय." आता तोच मोगरा गडद हिरवा, टोकांना कळ्या धरलेला. ती खाली वाकली. ड्रममधल्या मातीवर लालसर, गंजासारखा थर होता. लाल गोळी पाण्यात भिजली की असंच काहीतरी होत असणार. शेजारी मोरी, तांब्या, आणि घरातल्या कुणाचं लक्ष नसलेला कोपरा.

जयवंती उभी राहिली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर एखादं मोठं कोडं सुटल्याचं समाधान होतं. गोळ्या संपतात, पाकिटं रिकामी होतात, रक्त वाढत नाही, आणि मोगरा फुलतो. यात आता जोडायचं काय राहिलं?

घरी जाऊन तिने फुलपाखराची वही उघडली आणि तेजस्वीच्या नावासमोर तिसऱ्या रकान्यात लिहिलं: खोटं. गोळ्या मोगऱ्याला.

शनिवारी सकाळी पावणेसातला ती न सांगता दारात उभी राहिली. तेजस्वी कामावर निघायच्या आधी गोळ्यांची वेळ असते, हे तिला ठाऊक होतं. कमळी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिला बघून पदर खोचतच थांबली.

"इतक्या सकाली? कोन गेलं का काय?"

"कुणी गेलं नाही, वहिनी. मला आज तेजूला गोळी खाताना बघायचंय."

"बघ की. तुला काय तिकिट लागतंय?"

कमळीने एक छोटं स्टीलचं ताट आणलं. नैवेद्याच्या ताटासारखं मांडलेलं. एका वाटीत दोन लाल गोळ्या, दुसऱ्या वाटीत दोन पांढऱ्या, आणि मध्ये फुलपात्रभर कोमट दूध. तेजस्वी चप्पल घालता घालता आली. एक लाल गोळी जिभेवर ठेवली, दुधाचा घोट. दुसरी लाल, दुधाचा घोट. मग पांढरी, मग दुसरी पांढरी, मग राहिलेलं सगळं दूध. मग जयवंतीकडे वळून तिने तोंड उघडलं, जीभ वर केली, खाली केली, गालात बोट घालून दाखवलं.

"बस?"

जयवंतीला खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण बुधवारपासून मनात तयार करून ठेवलेलं वाक्य माणसाला गिळवत नाही.

"आज खाल्लीस, कारण मी उभी आहे. बाकीच्या दिवशी कुठे जातात ते मागच्या मोगऱ्याला विचारू का?"

तेजस्वी जागच्या जागी थांबली. "मोगऱ्याला?"

"महिनाभरात पिवळ्याचा हिरवा झालाय तो. मातीवर लाल थर आहे. मी बघितलंय."

कमळीच्या हातातलं ताट खाली आलं. तिने सुनेकडे बघितलं, आणि ते बघणं जयवंतीलाही नकोसं झालं. तेजस्वीचे डोळे भरून आले, पण आवाज कोरडा होता.

"ताई, रोज सकाळी सहाला मला उलटी होते. आई माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या असतात. त्यानंतर मी ह्या गोळ्या खाते. आणि तुम्ही म्हणता, झाडाला घातल्या?"

मागच्या पडवीत कुणीतरी मोठ्याने हसलं. बळीराम होता. गुडघ्यापर्यंत लुंगी, हातात खुरपं.

"मोगऱ्याला? गोल्या?" तो आत आला तो हसतच. "ओ ताई, माझ्या झाडाला तुमच्या सरकारी गोल्या कशाला? थांबा, तुमाला दावतो."

तो एक जुना डालड्याचा डबा घेऊन आला. आत हिरवट रंगाचे खडे होते, काहींवर तांबूस पूड चढलेली.

"हा हिराकस. वसईच्या बाजारात बियानंवाल्याकडं भेटतो. झाडाचं पान शिर सोडून पिवलं पडलं, की त्याला लोखंड कमी हाय असं समजायचं. म्हनून हा द्यायचा. लाल थर त्याचाच. आमच्या वडलांपासून देताव."

जयवंतीने एक खडा उचलून उजेडात धरला. तिसऱ्या रकान्यातलं ते वाक्य पर्सच्या कप्प्यात असूनही तिला टोचायला लागलं.

बळीरामला मात्र बोलायला विषय मिळाला होता, आणि झाडांचा विषय मिळाला की तो सुनेच्या डोळ्यातलं पाणीही विसरायचा. "पन ह्या मोगऱ्यानं लई दमवलं. चार महिनं हिराकस देतोय, काय फरक नाय. पान पिवलं ते पिवलंच. मंग माझ्या ध्यानात आलं. ह्या आमच्या बाईनं," त्याने खुरप्याने कमळीकडे बोट दाखवलं, "गणपतीच्या आधी मोरीच्या भिंतीला चुना मारला. उरलेलं चुन्याचं पानी टाकलं कुठं? मोगऱ्यात! आता मातीत चुना बसला, तर हिराकस लागू कसा पडंल? चुना त्याला धरून ठेवतो. तुमी कितीपन टाका, झाड उपाशीच. मंग मी सगली माती काढली, नवी भरली, हिराकस दिला, आन बघा. वीस दिवसांत हिरवा."

"झालं तुमचं पुरान?" कमळी म्हणाली. "इथं पोरीवर आळ आलाय, आनि तुमी मोगरा घेऊन बसलाव."

पण जयवंती ऐकत नव्हती. ती कमळीच्या हातातल्या ताटाकडे बघत होती. लाल वाटी, पांढरी वाटी, रिकामं फुलपात्र. फुलपात्राच्या तळाशी दुधाच्या साईखाली काहीतरी पांढरं चिकटलं होतं. तिने बोटाच्या टोकाने ते उचललं आणि जिभेला लावलं. जीभ भाजल्यासारखी झाली.

"वहिनी, दुधात काय घालता?"

कमळीने ताट मागे घेतलं. जिने आजवर विचारायच्या आधी सांगितलं होतं, ती पहिल्यांदाच गप्प राहिली.

"वहिनी."

"गव्हाच्या दान्याएवढा चुना," कमळी शेवटी म्हणाली. "खायचा चुना, पानाला लावतात तो. पोराची हाडं मजबूत होतात. माझ्या बहिनीनं मोबाइलवर धाडलेलं. तुला सांगितलं असतं तर तू वरडली असतीस, म्हनून नाय सांगितलं."

"आणि दूध?"

"तूच म्हनलीस, चहा नको. मंग काय पान्याबरोबर द्यायची? पोटुशी बाई हाय, दूध दिलं."

"आणि लाल-पांढरी एकत्र? मी सांगितलं होतं ना, दोन्हींत अंतर ठेवायचं?"

"ठेवलंय की अंतर!" कमळीचा आवाज चढला. "लाल झाली की दूध, मंग पांढरी. ही दिवसभर कामाला. तिथं घेईल न घेईल, कोन बघनार? म्हनून सगलं माझ्या डोल्यासमोर, येकदाच. येक दिवस नाय चुकला माझा!"

आणि हे सगळं खरं होतं. जयवंती तिथेच दारातल्या पायरीवर बसली. महिनाभर या घरात कुणी एक शब्द खोटं बोललं नव्हतं. गोळ्या रोज खाल्ल्या जात होत्या. चहा खरंच नव्हता. दोन्ही गोळ्यांत अंतरही होतं, एका घोटाचं. आणि तिने स्वतः अंतर ठेवा म्हणून सांगितलं होतं तेव्हा कमळी बोंबील साफ करत होती, टॉवरमधल्या तीन घरी जायचं राहिलं होतं, आणि अंतर म्हणजे किती तास, हे सांगायला ती दारात थांबली नव्हती. तिच्या वहीत 'किती' लिहायला जागा होती. 'कशाबरोबर' लिहायला नव्हती.

"बळीरामदादा," ती म्हणाली, "चुना आणि हिराकस एकदम दिला तर काय होतं, ते परत सांगा. वहिनींना सांगा."

बळीरामने बायकोकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, मग हातातल्या डब्याकडे. त्याचं हसू हळूहळू उतरलं.

"अगं, कमळे," तो म्हणाला. "तू पोरीच्या मातीत चुना टाकत व्हतीस."

"झाडाचं न मानसाचं येकच का?" कमळी उसळली. "मानूस काय ड्रममंदी लावलाय?"

"एकच नाही," जयवंती म्हणाली. "म्हणून ज्यांना कळतं त्यांना विचारू."

तिने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. क्षितिजा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा "चुना?" एवढंच म्हणाल्या. मग सांगितलं: चुना आजपासून पूर्ण बंद. कॅल्शियम हाडांना हवंच, पण ते गोळीतून, जेवणाबरोबर. लोहाची गोळी त्यापासून निदान दोन तास लांब. दूध, दही, चहा, कॉफी तिच्या आसपास नको. साध्या पाण्याबरोबर, लिंबू पिळलेलं असलं तर उत्तम. मळमळ होत असेल तर खाऊन तासाभराने. मंगळवारच्या बाकीच्या तपासण्या ठीक आल्या आहेत. चार आठवडे देते. एक तरी अंक वाढला पाहिजे. नाही वाढला, तर शिरेतून लोह. तेव्हा कुणाची बहीण मोबाइलवर काय धाडते ते मी ऐकणार नाही.

फोन बंद झाला. तेजस्वी घड्याळाकडे बघून पिशवी खांद्याला लावत होती. जाताना ती जयवंतीसमोर थांबली.

"ताई, तुमच्या त्या दुसऱ्या वहीत माझं काय लिहिलंय?"

जयवंती चपापली. "कुठली दुसरी?"

"फुलपाखराची. सगळ्यांना माहितीये. टॉवरमधल्या बायका पण बोलतात."

अकरा वर्षं जगाला ओळखणाऱ्या बाईला जगही ओळखून होतं, हे तिला त्या पायरीवर कळलं. "बरं नाही लिहिलेलं," ती म्हणाली.

"मग खोडू नका. चार आठवड्यांनी मीच खोडते."

ती गेल्यावर कमळी बराच वेळ ताट पुसत राहिली. पुसायला त्यात काही नव्हतं.

"धनेशच्या टायमाला माझं रक्त थांबत नव्हतं," ती पाठमोरीच म्हणाली. "ह्यांनी दोन मानसं आनली गावातून, रक्त द्यायला. मला आठवतंय, पाय असं गार पडत गेलं. म्हनून मी हिला सोडत नव्हते, जयवंतीबाय. येक गोली चुकू देत नव्हते."

"माहितीये, वहिनी. म्हणून तर काम होईल. जिद्द तुमच्याकडे आहेच, फक्त तासांचा फरक करायचाय."

"किती तास? नीट सांग. या टायमाला बोंबील नाय माझ्या हातात."

जयवंतीने दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून दिलं. सकाळी साडेसहाला नाश्ता, चहा-दूध काय हवं ते. साडेदहाला लाल गोळी, कारखान्यात. दुपारी दीडला जेवणाबरोबर पांढरी. संध्याकाळी साडेपाचला लाल, सुट्टी व्हायच्या आधी. रात्री जेवणाबरोबर पांढरी. कमळीने ते तीनदा वाचून घेतलं, मग बोटाने साडेदहावर टेकवून म्हणाली, "हिथं भानगड हाय. साडेदहाला तिथं चहा येतो."

भानगड कमळीने स्वतःच मिटवली. दुसऱ्या दिवसापासून साडेदहाला दोन मिनिटं कमी असताना ती सुनेला फोन करायची. तेजस्वी उचलत नाही म्हटल्यावर तिने तेजस्वीबरोबर काम करणाऱ्या सालोमीचा नंबर मिळवला. सालोमी वसईच्या ख्रिस्ती वाडीतली, जाडजूड, मोठ्या आवाजाची, तीन मुलांची आई. तिला असं काम कुणी सांगायचीच खोटी. कपबशांचा ट्रे आला की ती तेजस्वीच्या टेबलापुढे उभी राहायची. "ह्या बाईला नाय! अकरा वाजेपर्यंत ही उपासाला!" पहिल्या आठवड्यात सगळा विभाग हसला. दुसऱ्या आठवड्यात आणखी एका बाईने हळूच सालोमीला विचारलं, आपल्याला पण गोळ्या दिल्यात, त्या दुधाबरोबर चालतात का? सालोमीने ती बाई थेट कमळीच्या फोनवर जोडून दिली. कमळीने तिला चुन्याची, हिराकसाची आणि मोगऱ्याची सगळी कथा सांगितली, आणि त्यात भिंतीला चुना मारणारी बाई कोण होती, ते तेवढं सांगितलं नाही.

घरी बळीराम पेटला होता. माठाच्या वाफ्याला त्याने एकट्याने दोनदा पाणी दिलं. खाडीवर जाऊन शिंपल्या आणल्या, आणि कमळीला बजावलं, "वर कोकम घाल, आंबट पायजे. आंबटानं लागू पडतं. झाडाचंपन तसंच हाय." कमळी म्हणाली, "आता तुमच्या झाडाचं नाव काढलंत ना, तर मी तुमालाच ड्रममंदी लावीन." पण कोकम घातलं.

जयवंती दर चार दिवसांनी जायची. ती आता 'किती' विचारायचीच नाही. विचारायची, "कशाबरोबर? कधी? त्याच्या आधी काय खाल्लं? नंतर काय?" टॉवरमध्येही हेच. रिमाइंडरवाली बाई पहिल्यांदाच अडखळली आणि खरं बोलली: गोळी घेते, पण सकाळच्या कॉफीबरोबर, कारण कॉफीशिवाय ती जात नाही. जयवंतीने फुलपाखराच्या वहीत चौथा रकाना आखला: कशाबरोबर. वही तिरकी धरून, पट्टी न लावता. दोन पानांनंतर तिसऱ्या रकान्यात लिहायला फारसं काही उरत नाही, हे तिच्या लक्षात आलं. पण तो पुसायचा नाही, असं तिने ठरवलं. गादीखालची पाकिटं ती विसरली नव्हती.

चार आठवडे होत आले तशी कमळी जास्त बोलायला लागली. म्हणजे ती घाबरली होती. सोमवारी संध्याकाळी जयवंती गेली तेव्हा ती तेजस्वीच्या डोळ्याची खालची पापणी खाली ओढून उजेडात बघत होती.

"लाल दिसते का ग?"

"आई, तुम्ही दिवसातून चार वेळा ओढताय. त्यानेच लाल झाली असेल."

मंगळवारी केंद्रात रक्त दिलं. आकडा यायला पाऊण तास. बाकड्यावर तिघी बसल्या. कमळीच्या मांडीवर रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा होताच, सवयीने आणलेला. जयवंतीने यावेळी तो मोजला नाही. कमळीच्या ते लक्षात आलं, आणि तिने गठ्ठा पिशवीत परत टाकला.

क्षितिजा मॅडमनी कागद आणला. वाचून दाखवला नाही, तेजस्वीच्याच हातात दिला.

"नऊ पूर्णांक चार," तेजस्वीने वाचलं. मग पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्याने, "नऊ पूर्णांक चार!"

"एक अंक मागितला होता," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही एक पूर्णांक दोन आणलात. सुई सध्या कपाटात राहू दे. पण गोळ्या थांबवायच्या नाहीत. बाळंतपणानंतरसुद्धा."

जयवंतीने पर्सची चेन उघडली, फुलपाखराची वही काढली आणि तेजस्वीच्या पानावर बोट ठेवून तिच्यापुढे धरली. सोबत पेनही. तेजस्वीने 'खोटं. गोळ्या मोगऱ्याला' हे वाचलं. आधी तिला राग आला, मग ती हसायला लागली. पेन उचलून तिने एक आडवी रेघ मारली. इतकी हलकी, की खालची अक्षरं वाचता यावीत.

"असू दे दिसत," ती म्हणाली. "पुढच्या बाईवर आळ घ्यायच्या आधी हे वाचा."

"वाचीन," जयवंती म्हणाली, आणि यात तिला वजा करण्यासारखं काही सापडलं नाही.

कमळी मात्र कागदाकडेच बघत होती. "अकरा पायजे ना? मंग अजून किती?"

"एक पूर्णांक सहा."

कमळीने बोटांवर काहीतरी मोजलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि पिशवी उचलून उभी राहिली.

"मंग इथं बसून काय करताव दोघी? सव्वादहा झालं. चल ग पोरी, साडेदहाची गोली घ्यायचीय. आनि जयवंतीबाय, जरा तिकडचं पानी दे. लिंबू माझ्याकडं हाय."